कातडीवरची पेन्सिल

छायाचित्रकार विल्यम क्लाइनच्या रंगवलेल्या कॉन्टॅक्ट शीटवरच्या लाल रेघा कुठून आल्या हे शोधता शोधता मी एका पेन्सिलीपाशी पोचलो आणि तिच्या नावातच अडकलो.

कॉन्टॅक्ट शीटची जन्मकथा साधी आहे. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि २४ बाय ३६ मिलिमीटरची इवलीशी चौकट रूढ झाली. एवढ्याशा निगेटिव्हवर पारख होईना, म्हणून फिल्मच्या पट्ट्या थेट कागदावर टेकवून सगळ्यांची एकदम प्रत काढायची. मग भिंग लावून पसंतीच्या चौकटीभोवती मेणाच्या लाल पेन्सिलीने रेघ ओढायची.

ब्रिटनमध्ये ही पेन्सिल चायनाग्राफ, अमेरिकेत चायना मार्कर. चिनी मातीच्या गुळगुळीत भांड्यावरही ती उमटते, म्हणून हे नाव. जपानमध्ये मात्र ती डर्मॅटोग्राफ. ‘डर्मा’ म्हणजे ग्रीकमध्ये कातडी; शस्त्रक्रियेआधी डॉक्टर तिने रुग्णाच्या अंगावर खुणा करत.

फोटोचा कागदही भांड्यासारखाच चकचकीत, तेव्हा चिनी मातीचं नाव त्याला शोभतं, असं कुणी म्हणेल. माझा कौल कातडीला. त्या कागदावर चांदीचे क्षार धरून ठेवतं ते जिलेटिन, आणि जिलेटिन निघतं जनावरांच्या कातड्या-हाडांतून. पेन्सिल कातडीवरून उठली ती पुन्हा कातडीवरच येऊन बसली! रंग लालच का? कृष्णधवल छापात त्याच्याशी गल्लत होईल असं काहीच नसतं, म्हणून. दुसरं कारण मला पटत नाही.

क्लाइन मूळचा चित्रकार, पॅरिसमध्ये फेर्नां लेजेच्या हाताखाली शिकलेला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या फोटोंचं त्याचं पुस्तक १९५६मध्ये आलं. १९९०च्या दशकात त्याने आपल्या कॉन्टॅक्ट शीटचे तुकडे भलेमोठे करून त्यांवर एनॅमलचे लाल, पिवळे, निळे फटकारे ओढले. निवडलेली चौकट मध्ये, शेजारच्या अर्ध्यामुर्ध्या कडेला. त्या भडक रंगांत लेजे दिसतो, हे मी नाकारत नाही. पण हाताचं वळण पेन्सिलीचंच आहे: तोच घाईचा वेढा, तीच फुली. फरक एकच, आणि मला तोच निर्णायक वाटतो. मेणाची खूण फडक्याने पुसता येते, निवड बदलता येते. एनॅमल वाळलं की निवड कायमची.

तुमच्या घरी जुनी कॉन्टॅक्ट शीट असेल, तर धूळ झटकताना तिच्यावरच्या लाल रेघेला फडकं लावू नका.