कळफलकाची घडण : विक्रोळीच्या टंकयंत्रापासून आजच्या मेकॅनिकल कीबोर्डपर्यंत

लिपिक-टंकलेखक पदाच्या भरतीसाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ३० शब्द असावा लागतो, इंग्रजीचा ४०. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील टंकलेखन संस्थांत तरुण-तरुणी ज्या कळफलकांवर बोटे झिजवितात, ते बहुधा बाजारातील सर्वांत स्वस्त असतात. त्यांत प्रत्येक कळीखाली स्वतंत्र यंत्रणा नसते. रबराच्या घुमट्या आणि त्यांखाली प्लॅस्टिकचा पातळ, विद्युतमार्ग छापलेला पडदा, एवढाच त्यांचा संसार. कळ तळाला टेकेपर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही आणि काही महिन्यांतच जास्त वापराच्या कळा बसतात. मराठीत ‘ा’ची कळ सर्वांत आधी दगा देते, हे कोणत्याही संस्थाचालकास ठाऊक असते. मग बोटाला चुकीचा जोर लावण्याची सवय जडते, ती सहजी सुटत नाही.

या पार्श्वभूमीवर ‘मेकॅनिकल कीबोर्ड’ हा शब्द अलीकडे वारंवार कानी पडतो. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला हा कळफलक काही नवलाईची वस्तू नव्हे. उलट संगणकाच्या प्रारंभीच्या काळात तोच सर्वत्र होता. स्वस्ताईच्या ओघात मागे पडला आणि हौशी मंडळींनी तो पुन्हा वर आणला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर यांत्रिक कळफलकाच्या घडणीचा इतिहास मुंबईतील विक्रोळीपासून सुरू होतो. गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र बाजारात आणले. पुढे ही निर्मिती सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे गेली. २००९ मध्ये कंपनीने उत्पादन थांबविले. ते वृत्त जगभर पोहोचले मात्र २०११ मध्ये. तहसील कचेरी आणि न्यायालयाच्या आवारात छत्रीखाली टेबल टाकून बसणाऱ्या टंकलेखकांपुढे त्या यंत्रांपैकी काही त्यानंतरही बरीच वर्षे दिसत राहिली.

देवनागरी टंकयंत्र बनविणे हे इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड काम होते. मात्रा, उकार यांची कळ दाबल्यावर ठसा उमटला पाहिजे, पण कॅरेज पुढे सरकता कामा नये. ख, भ, श यांसारख्या अक्षरांना अर्धे रूप आणि काना असे दोन ठोके द्यावे लागत. त्यामुळे कान्याच्या कळीवर जो भार पडे, त्याचा वारसा आजच्या संगणकावरील ‘रेमिंग्टन’ मांडणीतही टिकून आहे. यंत्राचा दर्जा ठरे तो ठशांच्या दांड्या किती अचूक जुळविल्या आहेत यावर. केसभर फरक पडला तरी मात्रा शिरोरेषेपासून सुटून दिसे. हे जुळविण्याचे काम अनुभवी कारागिराच्या नजरेवर सोपविलेले असे.

संगणकाच्या कळफलकात ठसा उरला नाही, पण बोटाखालची यंत्रणा उरली. आज बहुतेक मेकॅनिकल कीबोर्डांत जो स्विच असतो, त्याचा मूळ नमुना ‘चेरी’ या कंपनीने १९८० च्या दशकात सिद्ध केला. बव्हेरियातील आउअरबाख या छोट्या गावात तो दशकानुदशके घडत असे. त्याच्या एकस्वाची मुदत संपल्यावर चीनमधील कारखाने पुढे सरसावले. ग्वांगडोंग प्रांतातील डोंगग्वान येथील कैहुआ आणि हुइझोऊ येथील गॅटेरॉन ही त्यांतली ठळक नावे. जपानची टोप्रे कंपनी रबर आणि स्प्रिंग यांचा मेळ घालणारा निराळाच स्विच बनविते. अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथे युनिकॉम्प ही कंपनी आयबीएमच्या ‘मॉडेल एम’ची परंपरा १९९६ पासून चालवीत आहे, त्यात कळ दाबताच स्प्रिंग वाकते आणि खाडकन आवाज होतो. आपल्याकडे बँका, दुकाने आणि हिशेबनीस यांच्या टेबलांवर वर्षानुवर्षे दिसणारा टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ हा कळफलकही मेकॅनिकलच. चेरीच्या निळ्या स्विचचा त्याचा टकटकाट अनेकांच्या परिचयाचा असेल.

‘कस्टम’ म्हणजे मागणीबरहुकूम बनविलेला कळफलक एका ठिकाणी बनत नाही. स्विच एका कारखान्यात, कीकॅप दुसऱ्या, सर्किट बोर्ड तिसऱ्या ठिकाणी, आणि जोडणी ग्राहकाच्या घरी, असा त्याचा प्रवास असतो. यांतले बहुतांश भाग दक्षिण चीनमध्ये तयार होतात. नामांकित कीकॅपांपैकी काही जर्मनीतील जीएमके आणि अमेरिकेतील सिग्नेचर प्लास्टिक्स या कंपन्या बनवितात. बाहेरची पेटी मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसी यंत्रावर कोरली जाते. अशी यंत्रे चाकण आणि वाळूज येथे कमी नाहीत. अडचण यंत्राची नसून संख्येची आहे : पन्नास पेट्यांसाठी जुळणी करणे वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्यास परवडत नाही.

आता दर्जाचा प्रश्न. स्विच हा त्यातील पहिला घटक खरा, परंतु एकमेव नव्हे. चेरीच्या प्रमाणित स्विचमध्ये कळीचा एकूण प्रवास ४ मिलिमीटर असतो आणि साधारण २ मिलिमीटरवर अक्षर नोंदले जाते. म्हणजे तळाला आपटण्याची गरज नाही; टंकलेखकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ हाच. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी वाटेत किंचित अडखळतो, निळा अडखळतो आणि वाजतोही. निळा स्विच बोटाला नोंद झाल्याची ग्वाही देतो, म्हणून शिकणाऱ्यास तो मानवतो. तीस जण एका खोलीत बसलेल्या वर्गात तो असह्य होईल, हे वेगळे सांगावयास नको. कोट्यवधी ठोक्यांचे जे आयुर्मान जाहिरातीत छापलेले असते, त्यावर फार भिस्त ठेवू नये. स्विच मरतो तो बहुधा ठोक्यांनी नव्हे, धुळीने आणि सांडलेल्या चहाने. परभणीसारख्या जिल्ह्यात, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना उघड्या खिडकीतून येणारी काळ्या मातीची बारीक धूळ स्विचच्या दांड्याभोवती साचते आणि कळ खरखरू लागते. म्हणून दांड्याभोवती कडे असलेला, धूळरोधक घडणीचा स्विच घ्यावा.

दुसरा घटक कीकॅप. एबीएस प्लॅस्टिक वापराने तुळतुळीत होते, पीबीटी अधिक काळ खरबरीत राहते. अक्षर वरवर छापलेले असेल तर वर्षभरात पुसते. दोन रंगांचे प्लॅस्टिक एकात एक ओतून बनविलेले अक्षर कधीच पुसले जात नाही, पण त्यासाठी प्रत्येक अक्षराचा वेगळा साचा लागतो. देवनागरीसाठी हा खर्च क्वचितच कोणी करतो. त्यामानाने उष्णतेने रंग प्लॅस्टिकात मुरविण्याची पद्धत स्वस्त पडते आणि टिकते. मराठी अक्षरांसाठी तीच व्यवहार्य. तिसरा घटक स्पेसबार, एंटर, शिफ्ट या लांब कळांखालचा तारेचा तोल, ज्यास ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात. महागड्या कळफलकाचा खडखडाट बहुतेक वेळा येथूनच येतो आणि चिमूटभर ग्रीसने जातो. सर्किट बोर्डावर प्रत्येक कळीस डायोड आहे ना, हेही पाहावे. नसल्यास वेगात अनेक कळा एकत्र दाबल्या गेल्यावर अक्षरे गळू शकतात किंवा नको ती उमटू शकतात.

इंग्रजी माहितीपत्रकांत जे सापडत नाही, ते मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. १९८६ मध्ये प्रमाणित झालेली आणि पुढे १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी वापरणाऱ्यास विरामचिन्हांच्या कळाही अक्षरांसाठीच लागतात. ‘ड’ चौकटी कंसाच्या कळीवर आहे, ‘ट’ अवतरणचिन्हाच्या, ‘च’ अर्धविरामाच्या आणि ‘य’ तिरक्या रेघेच्या. ‘डॉक्टर’मधील ‘ॉ’ उलट्या तिरक्या रेघेवर बसतो. क्ष, ज्ञ, त्र, श्र ही शिफ्टसह अंकांच्या ओळीत आहेत. हौशी मंडळींत सध्या लहान आकाराची आवड आहे; त्यांपैकी ज्या कळफलकांत अंकांची ओळ आणि उजवीकडच्या काही कळा गाळलेल्या असतात, ते दिसायला देखणे असले तरी मराठीसाठी निरुपयोगीच समजावेत. अंकांची ओळ शाबूत असलेला ६० टक्के आकाराचा कळफलक चालतो. युरोपीय मोठ्या एंटरचा कळफलक घेतल्यास ‘ॉ’ची कळ जागा बदलते आणि बोट महिनाभर चुकते, हा प्रस्तुत लेखकाचा स्वानुभव.

इनस्क्रिप्टमध्ये उजव्या करंगळीकडे च, ट, ड, य एवढी अक्षरे येतात, हे पाहता स्विचचा जोर निवडताना तर्जनीचा नव्हे, करंगळीचा विचार करावा. ४५ ग्रॅमच्या आसपासचा स्विच बहुतेकांना पुरतो. जुन्या टंकयंत्रावर शिकलेल्यांना तो फारच हलका वाटतो आणि नको तेथे अक्षरे पडतात. त्यांनी ६० ग्रॅमचा घ्यावा.

खरेदीची रीतही थोडी निराळी आहे. कस्टम कळफलकांची विक्री पुष्कळदा सामूहिक मागणीने होते : ठरावीक संख्येने ग्राहक आगाऊ पैसे भरतात, मग कारखान्यास काम दिले जाते आणि वस्तू हाती पडेपर्यंत कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ जातो. मध्यस्थ बुडाला तर पैसेही बुडतात. परदेशात असे प्रकार घडले आहेत. आयात शुल्क वेगळे भरावे लागते ते निराळेच. ज्याला परीक्षा चार महिन्यांवर आली आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. तयार मिळणारा, स्विच सोल्डरिंगविना बदलता येणारा कळफलक घ्यावा, सोबत दहा-बारा सुटे स्विच मागून घ्यावेत आणि ‘ा’ची कळ खरखरू लागली की चिमट्याने तेवढाच स्विच काढून नवा बसवावा.