गिरणी कोणाची?

निजामी राजवटींत नांदेडास कापडाची गिरणी उभी राहिली. सातवे निजाम मीर उस्मान अलीखान यांच्या नांवावरून ती उस्मानशाही मिल म्हणून ओळखली जाई. १९४८ सालीं निजामाची सत्ता संपली, गिरणी मात्र राहिली. पुढें १९७४ च्या कायद्यानें आजारी गिरण्यांचें राष्ट्रीयीकरण झालें व तीहि सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. कालांतरानें ती बंद पडली. या सर्व उलाढालींत मालक बदलले. मागावर उभ्या असलेल्या माणसाचें स्थान मात्र नोकराचेंच राहिलें. गिरणी ज्याच्या श्रमावर चालते, त्याची ती होऊं शकेल काय?

१९७६ सालीं राज्यघटनेंत ४३-अ हें कलम घालून कामगारांस व्यवस्थापनांत सहभाग देण्याचें तत्त्व मान्य झालें. परंतु सहभाग म्हणजे स्वामित्व नव्हे. स्वामित्वाचा प्रयोग पाहावयाचा तर मराठवाडा सोडून मुंबईस, कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्ज कारखान्यांत जावें लागतें. १९८५ सालीं तो बंद पडला असतां कामगारांनीं सहकारी संस्था काढून तो चालविण्याची योजना मांडली व १९८८ सालीं आजारी उद्योगांच्या पुनर्रचना मंडळानें ती मंजूर केली. बंद यंत्रें पुन्हां सुरू झालीं. आरंभीचीं वर्षें आशेचीं गेलीं. पुढें अडचणी वाढत गेल्या.

ज्या कायद्याखालीं ही योजना मंजूर झाली, त्यांत कामगारांच्या सहकारी संस्थेस कारखाना विकण्याची तरतूद पुढें स्पष्ट शब्दांत आली होती. तो कायदा २०१६ सालीं रद्द झाला. त्याच सालीं आलेली दिवाळखोरीची संहिता, कारखाना मोडीत निघाल्यास कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीस अग्रक्रम देते. हें न्याय्य आहे. पण त्यामुळें कामगार धनको ठरतो, मालक नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्यांत नोकरांस भाग घेण्याची सवलत देण्याची सोय आहे. परंतु बंद गिरणीच्या कामगारास तिचा काय उपयोग?

मराठवाड्यास सहकार नवा नाहीं. ऊंस पिकविणारा शेतकरी साखर कारखान्याचा सभासद झाला, तो केवळ स्वतःच्या बळावर नव्हे. सरकारनें भागभांडवल घातलें, कर्जास हमी दिली. कामगारांच्या संस्थेलाहि असेंच खेळतें भांडवल व कारभाराचें शिक्षण मिळालें पाहिजे. तें न देतां केवळ बंद कारखान्याची किल्ली त्यांच्या हातीं ठेवणें म्हणजे दुसऱ्यानें केलेलें कर्ज त्यांच्या माथीं मारणें होय. यापुढील सरकारी धोरणाची परीक्षा याच एका गोष्टीवर व्हावी.