लॉस अलामॉसचा दफ्तरखाना

न्यू मेक्सिकोतील ज्या पठारावर १९४३ साली अमेरिकेने अणुबाँबची प्रयोगशाळा उभारली, ते समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासात हजार फूट उंच असून तेथे त्यापूर्वी मुलांची एक निवासी शाळा होती. सरकारने शाळा ताब्यात घेतली, भोवती तारेचे कुंपण घातले, फाटकांवर पहारे बसविले, आणि तेथे राहावयास आलेल्या शास्त्रज्ञांना 'सांता फे, टपालपेटी १६६३' एवढाच पत्ता वापरण्याचा हुकूम झाला. पठारावर जन्मलेल्या अर्भकांच्या दाखल्यांवरदेखील जन्मस्थान म्हणून हीच टपालपेटी नोंदली गेली. प्रत्येक पत्र तपासनीसाच्या डोळ्यांखालून जात असे. इतका कडेकोट बंदोबस्त ज्या स्थळी पहिल्या दिवसापासून होता, त्याच स्थळाच्या पुढील इतिहासात गुपित बाहेर गेले ते कुंपण तोडून नव्हे, तर रीतसर परवाना असलेल्या विश्वासातील माणसाबरोबर, फाटकातून, पहारेकऱ्यासमक्ष गेले, ही गोष्ट मला अत्यंत विचारणीय वाटते.

युद्धकाळी गुप्त कागद कुलूपबंद कपाटांत ठेवले जात. तरुण पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांना ही कुलपे किल्लीवाचून उघडण्याचा छंद जडला, आणि त्यांनी जे दाखवून दिले ते कोणत्याही सरकारी चौकशीपेक्षा बोधप्रद होते. बाँबसंबंधीचे महत्त्वाचे दस्तऐवज ज्या कपाटांत एकत्र होते, त्यांना एकच अंकसंकेत लावलेला असून तो गणितातील एका सुप्रसिद्ध स्थिरांकाचे आरंभीचे अंक जोडून केलेला होता, हे त्यांनी केवळ तर्काने ओळखले. याच बाँबप्रकल्पाचा भाग असलेल्या ओक रिज येथे एका लष्करी अधिकाऱ्याची तिजोरी त्यांनी अशीच उघडून दाखविली, आणि कपाटाचे खण उघडे टाकल्याने अंकसंकेत कसा हाती लागतो हे समजावून सांगितले. त्यावर त्या अधिकाऱ्याने खण बंद ठेवण्याची ताकीद न देता, फाइनमन ज्यांच्या ज्यांच्या कचेरीत येऊन गेले असतील त्यांनी आपला अंकसंकेत बदलावा, असे फर्मान काढले. दोष दाखविणाऱ्यासच धोका समजण्याची ही प्रवृत्ती पुढेही या क्षेत्रात टिकून राहिली.

लॉस अलामॉसच्या वसाहतीत फाइनमन ज्यांची मोटार उसनी घेऊन आल्बुकर्कीच्या रुग्णालयात आपल्या मरणासन्न पत्नीस भेटावयास जात, ते क्लाउस फुक्स हे सौजन्यशील, मितभाषी गृहस्थ ब्रिटिश तुकडीबरोबर १९४४ साली तेथे आले होते. जून १९४५ मध्ये सांता फे गावातील कॅस्टिलो रस्त्यावरील पुलाजवळ त्यांनी हॅरी गोल्ड या सोव्हिएत हस्तकाच्या हाती बाँबच्या रचनेचे स्वहस्ते लिहिलेले टिपण दिले. त्यांना कपाट फोडावे लागले नाही, कारण त्या कपाटातील मजकूर निर्माण करणाऱ्यांपैकीच ते एक होते. १९५० साली ते पकडले गेले व १४ वर्षांची कैद भोगण्याची शिक्षा त्यांना झाली. परंतु त्यातून यंत्रणेने जो धडा घेतला, तो बहुतांशी वस्तूंवरील पहारा वाढविण्याचा होता.

पुढे कागदाची जागा चुंबकीय फितीने घेतली आणि मजकुराचे वजनच नाहीसे झाले. डिसेंबर १९९९ मध्ये प्रयोगशाळेतील वेन हो ली या शास्त्रज्ञावर अण्वस्त्रविषयक माहिती सुट्या फितींवर उतरवून घेतल्याबद्दल ५९ आरोप ठेवण्यात आले. सुमारे नऊ महिने त्यांना एकांतवासात डांबले गेले, आणि अखेर एकाच आरोपाच्या कबुलीवर त्यांची सुटका करताना न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी भर न्यायालयात त्यांची क्षमा मागितली. हेरगिरी सिद्ध झाली नाही; फितींचा प्रश्न मात्र राहिला. त्यांच्या सुटकेच्याच वर्षी, २००० च्या मे महिन्यात, डोंगरात वणवा पेटला असता सुरक्षित कोठडीतील दोन हार्ड डिस्क जागेवर नसल्याचे आढळले, आणि जूनमध्ये त्या एका छायाप्रत-यंत्रामागे सापडल्या. त्या तेथे कशा आल्या हा प्रश्न लोकांस अस्वस्थ करून गेला.

मला स्वतःला या सर्वांत २००४ ची हकीकत अधिक मर्मभेदक वाटते. त्या वर्षीच्या मे महिन्यात ऊर्जामंत्री स्पेन्सर अब्राहम यांनी, गुप्त काम चालणाऱ्या मेजांवरील संगणकांत सुटी तबकडी घालण्याची सोयच राहू नये, मजकूर एका मध्यवर्ती बंदिस्त ठिकाणी असावा, अशी योजना जाहीर केली होती. ती अंमलात येण्यापूर्वीच, जुलैमध्ये, नोंदवहीप्रमाणे दोन तबकड्या कमी भरल्या. संचालक पीट नॅनोस यांनी संपूर्ण प्रयोगशाळेचे काम थांबविले. हजारो माणसे आपापले संशोधन सोडून कपाटे, खण आणि पेट्या मोजू लागली, आणि काही विभागांचे काम महिनोन्‌महिने पूर्ववत झाले नाही. जानेवारी २००५ मध्ये चौकशीचा निष्कर्ष निघाला तो असा, की त्या तबकड्या कधी अस्तित्वातच नव्हत्या. बारकोडच्या चिठ्ठ्या तेवढ्या तयार झाल्या होत्या व त्यांची नोंद झाली होती. ज्या वस्तूंवर त्या चिकटावयाच्या, त्या निर्माणच झाल्या नव्हत्या. दफ्तराचे काम ज्याने थोडेबहुत पाहिले आहे, त्याला येथे हसू येणार नाही. हिशेबाची वही खरी नसेल तर चोरी झाली हे जसे कळत नाही, तसेच चोरी झाली नाही हेही कळत नाही, आणि त्या अज्ञानाची किंमत शेकडो निरपराध माणसांना आपली प्रामाणिकता सिद्ध करीत बसून द्यावी लागते.

आणि इतकी मोजदाद झाल्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २००६ मध्ये, लॉस अलामॉसच्याच पोलिसांनी अन्य कारणासाठी एका फिरत्या घराची झडती घेतली असता तेथे पेन ड्राइव्ह व शेकडो पानांचा गुप्त मजकूर मिळाला. तो मजकूर बाहेर नेणाऱ्या, प्रयोगशाळेच्या एका ठेकेदाराकडील कर्मचारी स्त्रीकडे जुने कागद संगणकात उतरविण्याचे काम होते. अर्थात कोठडीत जाण्याचा तिचा परवाना खरा होता, आणि बोटाएवढी ती वस्तू कोणत्याही मोजदादीत नोंदलेली नव्हती. ऊर्जा खात्याच्या महानिरीक्षकांनी नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला. पेन ड्राइव्ह लावण्याच्या संगणकावरील खाचा बंद ठेवाव्यात असा प्रयोगशाळेचा स्वतःचाच नियम अगोदरपासून लिहिलेला होता, आणि त्या कोठडीतील काही खाचा बंद करण्यात आल्या नव्हत्या, असे त्यात नमूद आहे.