पतंगाचा संसार

युद्धाचा इतिहास लिहिणारे लोक लढाऊ विमानांविषयी भरभरून लिहितात. स्पिटफायर आणि हरिकेन ही नावे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. पण ज्या विमानात बसून या वैमानिकांनी पहिल्यांदा जमीन सोडली, त्याचे नाव शोधावयाचे तर तळटिपांत शोधावे लागते. आपल्याकडे पंतोजींचे असेच होत असे. पोर पुढे मामलेदार झाले, दिवाण झाले, म्हणजे गाव त्याचा सत्कार करी. ज्याने धुळपाटीवर हात धरून अक्षर गिरवून घेतले, त्याची आठवण कोण काढतो? आज आम्हांस श्रोत्यांपुढे अशाच एका पंतोजीची हकीकत ठेवावयाची आहे. त्याचे नाव टायगर मॉथ. युद्ध संपल्यावर हे पंतोजी पेन्शनीत निघाले, आणि मग ते कोणी सांभाळले, कसे सांभाळले आणि सांभाळण्याची किंमत काय पडली, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

नावापासून सुरुवात करू. जेफ्री डी हॅविलंड या इंग्रज कारखानदाराला फुलपाखरे आणि पतंग गोळा करण्याचा छंद होता. १९२५ साली त्याने दोन पंखी जोड्यांचे एक लहानसे, स्वस्त विमान काढले. त्याचे पंख पतंगाप्रमाणे मागे मिटून घेता येत, म्हणून त्याने त्याला मॉथ म्हटले. मराठीत पतंग म्हणजे दिव्यावर झेपावणारा किडा आणि पतंग म्हणजे संक्रांतीला उडवावयाचा कागदही. या विमानाला दोन्ही अर्थ लागू पडतात, हे त्या इंग्रजाच्या गावीही नसेल.

या मॉथवरूनच पुढे ब्रिटिश वायुदलासाठी शिकाऊ विमान तयार झाले आणि २६ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन येथून त्याने पहिले उड्डाण केले. यात शिक्षक पुढच्या खुर्चीत आणि विद्यार्थी मागच्या. जुन्या मॉथमध्ये अडचण अशी होती की, वरचा पंख बरोबर पुढच्या खुर्चीच्या डोक्यावर येई. शिक्षकावर पाठीला छत्री बांधून उडी घेण्याची पाळी आली, तर त्याने निघावे कोठून? तेव्हा वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकविण्यात आला. तो पुढे गेल्याबरोबर विमानाचा तोल बिघडला. तो सावरण्यासाठी पंखांची टोके मागे वळविली. टायगर मॉथला पाहताक्षणी ओळखू येणारे जे मागे झुकलेले पंख आहेत, ती काही सौंदर्यदृष्टी नव्हे. एका मास्तराचा जीव वाचविण्याची ती सोय आहे. या फेरबदलात पंख मिटण्याची मूळची सोय मात्र गेली. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे मालकाला तो दरमहा भाड्याच्या रूपाने भेटणार आहे.

डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून वैमानिक घडविण्याची प्रचंड योजना हाती घेतली, आणि या विमानाचे भाग्य उघडले. इंग्लंडात मूळ कारखान्याला दुसरी कामे पडली, तेव्हा कौली येथील मॉरिस मोटारींच्या कारखान्यात ते बनू लागले. तेथे तीन हजारांहून अधिक विमाने झाली. सर्व देश मिळून सुमारे ८८०० टायगर मॉथ बांधली गेली. आपल्या देशात बेगमपेठ आणि जोधपूर येथील प्राथमिक उड्डाणशाळांत हिंदी तरुण याच विमानावर शिकले. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात बोलण्याचे साधन म्हणजे एक रबरी नळी. वैद्याने छातीवर लावावी तशी ती कानाला जोडलेली असे, आणि तिच्यातून मास्तरांचा आवाज वाऱ्याच्या घोंघाटासह विद्यार्थ्याच्या कानात शिरे.

हे विमान चालविण्यास सोपे, पण चांगले चालविण्यास कठीण, असा त्याचा लौकिक आहे. शिकाऊ विमानाला याहून मोठा गुण कोणता असावा? घोडा फार शहाणा असला तर स्वार आळशी होतो. टायगर मॉथ विद्यार्थ्याला मारीत नसे, पण त्याची चूक झाकीतही नसे. एका बाजूला कलताना पायाचा दाब कमी पडला की ते नाक भलतीकडे फिरवी, आणि मास्तरांना नळीतून बोलण्यास विषय मिळे.

युद्ध संपले. १९५० पासून ब्रिटिश वायुदलात चिपमंक नावाचे नवे विमान आले आणि टायगर मॉथ शेकड्यांनी लिलावात निघाले. ते कोणी घेतले? न्यूझीलंडमध्ये पुढची खुर्ची काढून तेथे खताची पेटी बसविली आणि डोंगरउतारांच्या कुरणांवर सुपरफॉस्फेट फवारले. इंग्लंडात कोणी त्याने ग्लायडर ओढले, कोणी फडके बांधून जाहिराती फिरविल्या, आणि १९५६ साली क्रॉयडन येथे हौशी वैमानिकांनी टायगर क्लब काढला. युद्धकाळात त्याची जी आबाळ झाली नसेल ती या काळात झाली. पण एक गोष्ट खरी की, कामाला लागलेले विमान मोडीत जात नाही. आज जी शेकडो टायगर मॉथ जगात शिल्लक आहेत, त्यांतील पुष्कळशी या खताच्या आणि फडक्यांच्या दिवसांतून तगून आलेली आहेत.

आता मालकाकडे वळू. जुने लष्करी विमान बाळगणारा म्हणजे कोणी लक्षाधीश असावा अशी समजूत असते. इंग्लंडात तसे क्वचितच असते. पाचसहा जण मिळून एक विमान घेतात, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात तशा उड्डाणाच्या पाळ्या ठरवितात. विहिरीवरून भाऊबंद जसे भांडतात तसे तेही भांडत असतील. त्याबद्दल आम्हांस शंका नाही. खर्चाचा पहिला विषय म्हणजे छप्पर. या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख स्प्रूस जातीच्या लाकडाचे, आणि त्यावर कापड ताणून बसविलेले. पावसात उभे ठेवाल तर लाकूड फुगते आणि सांधे सुटतात, उन्हात ठेवाल तर कापड कुजते. पंख मिटत नाहीत, म्हणून मोठी जागा लागते. जागा मोठी म्हणून भाडे मोठे. १९३१ सालच्या एका शिक्षकाची सोय आजचा मालक अशी फेडीत असतो.

कापडाचे काम तर एक स्वतंत्र शास्त्रच आहे. पूर्वी लिननचे कापड शिवून पंखावर चढवीत, प्रत्येक फासळीशी दोऱ्याने टाचीत, आणि त्यावर डोप नावाचे रोगण हातावर हात देत. रोगण वाळले की कापड आवळते आणि ढोलकीच्या पुडीप्रमाणे वाजू लागते. नायट्रेटचे जुने रोगण मोठे ज्वालाग्राही. ते काम करताना कोणी विडी शिलगावील तर पंखाबरोबर छप्परही जावयाचे. आता पॉलिएस्टरचे कापड मिळते. ते पुष्कळ वर्षे टिकते. जुन्याचे भक्त म्हणतात, हे बाटलेले विमान. आमचे मत असे की, पॉलिएस्टरने विमान बाटत नाही. पण ज्याने एकदा तरी लिनन टाचले आहे, असा एक हात प्रत्येक हॅंगरमध्ये असावा.

इंजिन चार सिलिंडरांचे, १३० अश्वशक्तीचे, नाव जिप्सी मेजर. ते उलटे बसविलेले असते, म्हणजे सिलिंडर खाली आणि दांडा वर. याचा फायदा असा की, वैमानिकाला पुढचे दिसते. तोटा असा की, तेल खाली उतरते आणि जेथे वाट सापडेल तेथून बाहेर येते. या विमानाखाली पत्र्याचे ताट ठेवण्याची चाल आहे. तेल गळते म्हणून मालक काळजी करीत नाहीत. गळावयाचे थांबले की मात्र टाकीत किती उरले आहे ते पाहतात. इंजिनाची घडण पूर्वीच्या साध्या पेट्रोलसाठी झाली. आज विमानतळावर बहुधा मिळते ते शिसे मिसळलेले जास्त कसाचे पेट्रोल. त्यातील शिसे प्लगांवर आणि झडपांवर साचते, आणि ते खरवडीत बसावे लागते.

चालू करण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. बटण नाही, बॅटरी नाही. चाकांना ठोकळे लावावयाचे, एकाने आत बसावयाचे, दुसऱ्याने पुढे उभे राहून पंखा हाताने फिरवावयाचा. दोघांत ठराविक शब्दांची देवघेव होते, आणि समोरच्याने म्हटलेला शब्द दुसऱ्याने उलट उच्चारल्याशिवाय पुढची क्रिया होत नाही. आपल्याकडे मंगलाष्टके संपेपर्यंत अंतरपाट खाली येत नाही, तसेच हे. यात एक शब्द चुकला तर हात जातो. ब्रेक नाहीत, शेपटीखाली चाक नाही, नुसती पोलादी टाच आहे. ती मऊ मातीत रुतते तोच ब्रेक. म्हणून डांबरी धावपट्टीवर हे विमान परके वाटते आणि गवतावर घरचे.

येथवरचे सर्व हौसेचे झाले. आता जे सांगावयाचे ते हौसेचे नाही.

टायगर मॉथच्या पोटात, खुर्च्यांच्या खाली, एका बाजूच्या खालच्या पंखापासून दुसऱ्या बाजूच्या पंखापर्यंत दोन पोलादी सळया आडव्या गेलेल्या असतात. पंख उचलतात तेव्हा विमानाची पोटाकडची बाजू फाकू पाहते. ती आवळून धरण्याचे काम या सळया करतात. टोकांना आटे पाडलेले, त्यावर नट. बाहेरून काही दिसत नाही. २००० तासांचे उड्डाण किंवा १८ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा त्या बदलाव्यात असा नियम आहे. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर, एक टायगर मॉथ एका प्रवाशाला घेऊन कसरतींसाठी वर गेले. कसरती सुरू झाल्यानंतर हवेतच पंखांचा आधार तुटला आणि वैमानिक व प्रवासी दोघेही गेले. सरकारी चौकशीत आढळले की, दोन्ही सळया आट्यांच्या जागी मोडल्या होत्या. तेथे थकव्याच्या भेगा पूर्वीच वाढलेल्या होत्या. या सळया मूळ कारखान्याच्या नव्हत्या, पर्याय म्हणून पुढे बनविलेल्या होत्या. आणि नेमून दिलेले आयुष्य संपण्याच्या कितीतरी आधी त्या गेल्या.

या घटनेचा अर्थ आम्ही असा लावतो. जुन्या यंत्राचे जुनेपण हा त्याचा धोका आहे असे आपण समजतो, परंतु येथे मोडले ते जुने नव्हते, नवे होते. ऐंशी वर्षांपूर्वीची रचना टिकली. तिच्यासाठी आपल्या काळात केलेला सुटा भाग टिकला नाही. मूळ कारखाना मिटला, आराखडे दुसऱ्यांच्या हाती गेले, आणि पूर्वी तपासनीस, कारागीर आणि आरेखक एका आवारात बसत ते आता तीन खंडांत विखुरले. आराखड्यावर सळीची लांबी लिहिलेली असते. आटे कोणत्या हाताने, कोणत्या रीतीने पाडावेत हे त्या आवारातील माणसांना माहीत होते, कागदाला होतेच असे नाही. म्हणून अशा विमानाच्या मालकाला विमानाइतकीच त्याच्या नोंदवहीची निगा राखावी लागते. कोणता नट कोठून आला, कोणी बसविला, कोणी सही केली, हे ज्या वहीत नाही ते विमान कितीही चकचकीत असो, त्यात आपण बसू नये आणि पाहुण्याला तर मुळीच बसवू नये.

मग उडवावेच कशाला, असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. संग्रहालयात ठेवा, दोरी बांधा, पाटी लावा. संग्रहालयाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. पण उभ्या विमानाचे पंख नवे करण्याची विद्या उभ्या विमानापाशी शिकता येत नाही. वाड्यात माणूस राहिनासा झाला की कौले सरकतात आणि शाकारणारा गवंडीही गावात उरत नाही, तसेच हे. उलट, प्रत्येक वस्तू उडविलीच पाहिजे असा हट्टही बरा नव्हे. शेकडो शिल्लक आहेत त्यांतील काही जोखमीत घालणे वेगळे, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे उरले आहे ते जोखमीत घालणे वेगळे.

या संदर्भात आपल्या घरची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगलोर येथे विमानांचा कारखाना काढला. त्याच वर्षी कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे त्यात दाखल झाले. गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली ते शिकून आले होते. त्यांनी आखलेले एच्.टी.-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले, आणि टायगर मॉथची जागा आपल्या वायुदलात हळूहळू त्याने घेतली. एकच पंख, सर्वांगी धातूचे, चाकांना ब्रेक असलेले. परदेशी पंतोजी गेले, देशी आले. आज टायगर मॉथविषयी इंग्रजीत कपाट भरेल इतकी पुस्तके आहेत. एच्.टी.-२ विषयी मराठीत काय आहे, हे श्रोत्यांनी घरी जाऊन आपल्या ग्रंथालयात पाहावे.

आपल्या वायुदलाने आपले एक टायगर मॉथ विलायतेत दुरुस्त करवून घेतले, आणि ८ ऑक्टोबर २०१२ रोजी, दलाच्या ऐंशीव्या वर्धापनदिनी, हिंडन येथे ते जेट विमानांच्या मेळ्यात उडाले. त्याच्या सर्वांत मोठ्या वेगापेक्षा त्या जेटांचा उतरण्याचा वेगही अधिक. तेव्हा कार्यक्रमात त्याला स्वतंत्र वेळ द्यावा लागतो. खाली उभ्या असलेल्या वृद्ध अधिकाऱ्यांपैकी ज्यांनी पहिला धडा त्या जातीच्या विमानात घेतला होता, त्यांना ते येत आहे हे दिसण्याच्या आधी आवाजावरून कळले असेल.