थप्पी, जोतं आणि मालधक्का : जुन्या गोदामांचा वारसा

आपल्या कोपरीत मीठबंदर रोड आहे. रोज हजारो माणसं त्यावरून जातात. आज तिथे ना मीठ दिसत, ना बंदर. नाव तेवढं राहिलंय. आज बोलायचंय ते अशाच मागे राहिलेल्या एका गोष्टीवर, म्हणजे जुन्या गोदामांवर. देऊळ, किल्ला, वाडा म्हटलं की वारसा आपल्याला लगेच कळतो. गोदाम म्हटलं की डोळ्यांसमोर येतात उंदीर, कुबट वास आणि गंजलेलं कुलूप.

आधी शब्द पाहू. 'वखार' हा आपला जुना शब्द. 1661 साली शिवाजी महाराजांनी राजापूरला इंग्रजांवर कारवाई केली तेव्हा इंग्रजांचं ठाणं होतं ते वखारच. तिथे माल राहायचा, हिशेबाच्या वह्या राहायच्या, वखारवाले राहायचे आणि राजकारणही तिथूनच चालायचं. आज आपण वखार म्हणतो ती लाकडाची. पण सरकारदरबारी शब्द अजून जिवंत आहे. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ 1957 सालचं आहे. 'गोदाम' मात्र समुद्रावरून आलं. मलय भाषेत 'गुदांग' आहे, आणि त्याचं मूळ पुन्हा आपल्याच दक्षिणेतल्या द्राविडी भाषांत शोधतात. म्हणजे शब्द बहुधा इथूनच गेला आणि फिरून इथेच उतरला. व्यापाराच्या शब्दांचं असंच असतं बरं का, तेही मालासारखे फिरतात.

आता मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर चला. हार्बर लाइनच्या पलीकडची नावं नुसती वाचा : लकडी बंदर, कोळसा बंदर, हे बंदर. यातलं 'हे' म्हणजे इंग्रजीतलं गवत, घोड्याबैलांचा चारा. आणि दारूखाना, म्हणजे बंदुकीच्या दारूचं कोठार. कुठे काय उतरत होतं आणि कुठे काय साठत होतं, ते नावावरूनच कळतं.

यातलं सगळ्यात बोलकं नाव कॉटन ग्रीन. हा 'ग्रीन' म्हणजे रंग नव्हे, मोकळं मैदान. पूर्वी किल्ल्यातल्या टाउन हॉलसमोरच्या मैदानात कापसाच्या गासड्यांच्या थप्प्या लागत. 1844 मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला. पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीकडे समुद्र हटवून जमीन केली, आणि 1920 च्या दशकात कापूस तिथे गेला. कापूस सरकला तसं मैदानाचं नावही सरकलं, आणि तेच पुढे स्टेशनाला मिळालं. हा सगळा कापूस कुठून यायचा? खानदेश, वऱ्हाड, गुजरातेतून. रेल्वेआधी घाटमाथ्यावरचा माल बैलांवर घाट उतरून कल्याण, भिवंडी, पनवेलला यायचा आणि तिथून होड्यांनी खाडीमार्गे मुंबईला. 1853 ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली. आपण ती पहिली प्रवासी गाडी म्हणून कौतुकाने सांगतो, आणि सांगावंच. पण विलायतेतल्या भांडवलदारांची नजर होती कापसावर. भोर घाट 1863 ला आणि थळ घाट 1865 ला रुळांनी ओलांडला. मधे 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध. तिथला कापूस अडला, मुंबईत पैसा नुसता ओतला गेला, आणि युद्ध संपताच 1865 ला सट्टेबाजांचं दिवाळं वाजलं. मुंबईची कित्येक बांधकामं त्या पैशावर उभी आहेत. ती आपण दाखवतो, ज्यात माल ठेवला ती गोदामं दाखवत नाही.

इमारत म्हणून गोदाम नीट बघायला शिकलं पाहिजे. जोतं उंच का? बैलगाडीचा किंवा वाघिणीचा तळ आणि गोदामाची जमीन एका पातळीत आली, की पोतं उचलावं लागत नाही, सरकवता येतं. मालधक्का याच हिशेबाने बांधलेला असतो. खिडक्या लहान आणि छताजवळ का? वारा हवा, पण पाऊस आणि चोर नको. मधल्या भिंती जाड का? एका खणात आग लागली तर ती दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. इथे शोभेला जागाच नाही. तरी उन्हातून आत गेल्यावर जो गारवा आणि जी शांतता जाणवते ना, तिला मी सौंदर्यच म्हणेन. कुणी वाद घातला तर घालू दे.

आगीचा विषय निघालाच आहे, तर 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाची बोट लागली होती. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं, आणि त्यांच्याच शेजारी कापसाच्या गासड्या. कापूस धुमसायला लागला आणि दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. बोटीतल्या सोन्याच्या विटा शहरावर उडाल्या, ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण भोवतालची गोदामं जळाली आणि त्यांत धान्यही जळालं. आणि तो काळ कसला? आदल्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली होती, मुंबईत रेशनिंग सुरू होतं.

इथे थोडं थांबू. गोदामाचा इतिहास निव्वळ गौरवाचा नाही. साठवण आणि साठेबाजी एकाच छपराखाली चालते. टंचाईत ज्याच्या हातात गोदामाची किल्ली, त्याच्या हातात दुसऱ्याचं ताट. म्हणून 'वारसा' शब्द वापरताना मला जरा जपून बोलावंसं वाटतं.

आणि माल वाहिला कुणी? मुंबईच्या बाजारातले हमाल कितीतरी साताऱ्या-सांगलीकडचे. पाठीवर पोतं, हातात लोखंडी आकडा, आणि मजुरी किती ते मुकादम सांगेल ते. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. ओझं वाहणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी मिळावा, ग्रॅच्युइटी मिळावी, ही साधी गोष्ट कायद्यात यायला स्वातंत्र्यानंतर बावीस वर्षं लागली. 1980 च्या दशकापासून घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला गेले. मशीद बंदरची पुष्कळ गोदामं ओस पडली, काहींची दुकानं झाली.

आता मूल्याचा प्रश्न. 1903 साली व्हिएन्नात आलॉइस रीगल यांनी स्मारकांवर एक निबंध लिहिला. त्यांनी एक उपयोगी भेद केला : वस्तू जुनी दिसते म्हणून वाटणारं मूल्य वेगळं, ती इतिहासाचा पुरावा आहे म्हणून असलेलं वेगळं, आणि ती आज वापरता येते ते आणखी वेगळं. आपल्याकडे ही तिन्ही एकत्र कालवली जातात. जुन्या विटांची भिंत दिसली की तिथे कॅफे काढावासा वाटतो. ते पहिलं मूल्य. मला काळजी दुसऱ्याची आहे.

दर्शनी भिंत ठेवली, आतलं सगळं काढलं आणि मागे तीस मजले उभे केले, तर गोदाम राहिलं का? मिलिंद राजाला नागसेनाने हेच विचारलं होतं. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? 'रथ' हे तर अवयवांवर टेकलेलं नुसतं नाव. तेव्हा 'हे तेच गोदाम आहे का' यावर भांडून फार काही निघत नाही. विचारायचं ते असं : कोणता अवयव काढला की हे शहर काय खात होतं, काय विकत होतं आणि कुणाच्या पाठीवर चालत होतं, ते वाचताच येणार नाही? माझ्या मते असे अवयव म्हणजे जोतं, मालधक्का, मोठी दारं, जाड आडभिंती, आत शिरलेले रूळ. नक्षीदार दर्शनी भिंत त्यांच्यानंतर येते. आपल्याकडच्या वारसा याद्यांचा कल बरोबर उलटा असतो.

हे आजच का बोलायचं? कारण पूर्व किनाऱ्यावर बंदराची सुमारे 1800 एकर जमीन आहे आणि तिच्या पुनर्विकासाचे आराखडे गेली काही वर्षं चालू आहेत. गिरण्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. 1991 च्या नियमात गिरणीची जमीन तीन वाट्यांत विभागायची होती : मोकळ्या जागा, परवडणारी घरं आणि मालक. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली. 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. शहराच्या वाट्याला फार थोडं आलं, आणि टॉवरांच्या मधे एखादी चिमणी.

लिव्हरपूलला अल्बर्ट डॉक आहे, 1846 सालचा. वीट, दगड आणि ओतीव लोखंड. आगीच्या भीतीने बांधकामात लाकूड वापरलंच नाही. तो दुरुस्त करून त्यात संग्रहालयं आणली, त्यातल्या एकात गुलामांच्या व्यापाराचा इतिहास मांडला. म्हणजे लाजेची बाजूही तिथेच ठेवली. पण त्याच शहराने पुढे धक्क्यांवर मोठी बांधकामं होऊ दिली आणि 2021 मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचं नाव जागतिक वारशातून काढलं. आपल्याकडे 2017 साली ससून डॉकच्या गोदामात कलाप्रदर्शन भरलं, गर्दी झाली. चांगलंच झालं. कोळणी बाहेर कोळंबी सोलत होत्या आणि आत चित्रं, हे मला आवडलं, कारण तिथे काम थांबलेलं नव्हतं.

चिठ्ठीतून एक प्रश्न आलाय : भिवंडीची पत्र्याची गोदामं उद्या वारसा होतील का? काल्हेर, वळ, माणकोलीला जाऊन बघा. आपण मोबाइलवर बोट ठेवतो ती वस्तू तिथून निघते. तिथे ना जाड भिंती, ना नाव. नुसता पत्रा, क्रमांक आणि कंटेनरच्या उंचीला जुळवलेला धक्का. जोत्याचा हिशेब अजून तोच आहे, पाहिलंत? तो पत्रा टिकणार नाही, जपायचीही गरज नाही. पण आत काम करणारी मुलं कुठली, पाळी किती तासांची, माथाडी कायदा त्यांना लागू होतो की नाही, याची नोंद आजच करता येते. आपल्यापैकी कल्याण-भिवंडीकडून कुणी आलं असेल तर चहाच्या वेळी मला भेटा, एक वही मी आणली आहे.