हसणारे डोळे

'स्माइल प्लीज' म्हटलं की आपण सगळे हसतो. फोटो बघताना मात्र लगेच कळतं, खरंच कोण हसलंय आणि कुणी नुसते दात दाखवलेत. हे कळतं कसं? एकोणिसाव्या शतकात एका फ्रेंच डॉक्टरने हे शोधलं, तेही चक्क विजेचा वापर करून!

ड्युशेन हे त्यांचं नाव. पॅरिसमध्ये ते विजेने स्नायू आकसवून बघायचे. चेहऱ्याच्या प्रयोगांसाठी त्यांना एक दात पडलेले आजोबा मिळाले. त्यांच्या चेहऱ्याला संवेदना जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे झटका लागत नसे. गालाच्या स्नायूला वीज दिली की ओठांचे कोपरे वर जायचे, पण ते हसणं काही पटायचं नाही. आजोबा आपणहून हसले की डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जायचा. १८६२ च्या पुस्तकात ड्युशेननी फोटोंसकट हे मांडलं: गालाचा स्नायू आपलं ऐकतो, डोळ्याचा फक्त मनातल्या आनंदाचं.

पुढे डार्विननी तो विजेच्या हसण्याचा फोटो २४ जणांना दाखवला. तिघांना काहीच उलगडलं नाही. बाकीच्यांना हसण्याचाच प्रकार वाटला, पण कुणाला त्यात दुष्टपणा दिसला, कुणाला हसायची नुसती धडपड. हे त्यांच्या १८७२ च्या पुस्तकात आहे. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी डोळ्यांसकट येणाऱ्या हसण्याला 'ड्युशेन स्माइल' असं नावच दिलं.

म्हणजे खोटं हसू पकडायचं यंत्र मिळालं? नाही हो! २००९ आणि २०१३ मधल्या अभ्यासांत बऱ्याच लोकांना डोळ्यांसकट हसूही ठरवून आणता आलं. आमच्या भाषेत, टेस्ट चांगली, पण 'फॉल्स पॉझिटिव्ह' भरपूर.

आणि काहींना ते आणावंच लागतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या हवाई सुंदरींवर पुस्तक लिहिलं. त्यांना प्रशिक्षणात शिकवलं जायचं की नुसतं हसू नका, मनापासून हसा. थोडक्यात, डोळ्याचा स्नायूसुद्धा नोकरीला लावा! काहींना तर ड्यूटी संपल्यावरही तो मुखवटा उतरवणं जड जायचं.

त्यामुळे काउंटरवरच्या मुलीचं हसू 'फेक' आहे असं आता मी पटकन म्हणत नाही. ड्युशेनच्या आजोबांना निदान वीज दुखत तरी नव्हती.