जीवशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाची जडणघडण

वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र या दोहोंचा एकत्रित परिचय घडवणाऱ्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमाची चौकट मुख्यतः लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात टॉमस हेन्री हक्स्ली यांनी घडवली. १८७१ च्या उन्हाळ्यात शाळाशिक्षकांसाठी भरवलेल्या वर्गात त्यांनी व्याख्यानाला विच्छेदनाची, म्हणजे जीवाचे शरीर उघडून त्याची अंतर्रचना स्वतः पाहण्याची, जोड दिली. असंख्य जातींची नावे घोकण्याऐवजी प्रत्येक गटाचा एकेक प्रतिनिधी कसून तपासावा, हे या ‘प्रारूप पद्धती’चे सूत्र होते.

हक्स्ली आणि एच. एन. मार्टिन यांच्या १८७५ मधील प्रात्यक्षिक-पुस्तकाचा आरंभ यीस्टपासून होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या अंडाकृती पेशीला फुटलेला इवलासा कोंब, म्हणजेच मुकुलन, पाहिल्यावर विद्यार्थी अमीबा, नेचे व हायड्रा असे टप्पे ओलांडत शेवटी बेडकापर्यंत पोहोचे. १८८८ च्या सुधारित आवृत्तीत मात्र परिचिताकडून अपरिचिताकडे जाण्यासाठी बेडूकच आरंभी आला.

१८७६ मध्ये मार्टिन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि ही पद्धत अमेरिकेत रुजली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही बेडकाचे विच्छेदन अनेक पिढ्यांनी केले. प्राणी बदलले, साधने बदलली, तरी जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, ही हक्स्लींची शिकवणच या अभ्यासक्रमाचा खरा वारसा होय.